थर्मल घेऊन माळावर: रातवे, कारवानक आणि घुबडं शोधायची पद्धत

नवीन थर्मल, म्हणजे उष्णता टिपून अंधारात चित्र दाखवणारं यंत्र, घेतलेल्या पक्षीनिरीक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते: “दिसतं सगळं, पण कळत काहीच नाही.” तक्रार खरी आहे. पक्षी कुठे बसलाय एवढंच थर्मल सांगतं. तो कोण आहे हे शोधायला दुर्बीण, टॉर्च आणि मुख्य म्हणजे कान लागतातच. एवढं ध्यानात ठेवून यंत्र हाताळलं तर ज्या माळावर आजवर एखादा रातवा (जमिनीवर बसणारा निशाचर पक्षी) दिसायचा, तिथेच किती काय बसलेलं असतं ते कळायला लागतं.

हा लेख मुख्यतः पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांसाठी आहे. सासवड, जेजुरी, मोरगाव, इंदापूरकडची कडबनवाडी अशा उघड्या, खुरट्या गवताच्या जागी थर्मलचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. जंगल आणि पाणथळीबद्दल पुढे थोडं लिहिलंय, कारण तिथलं गणित वेगळं आहे.

यंत्राला नेमकं काय दिसतं

आपला डोळा साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. थर्मल पाहतं ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातलं अवरक्त उत्सर्जन, म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्या तापमानामुळे जे बाहेर टाकत असते ते. म्हणून त्याला चांदणं लागत नाही, टॉर्च लागत नाही, आणि ते स्वतः काहीच सोडत नाही. सीसीटीव्ही किंवा स्वस्तातल्या नाइट व्हिजनमधला अदृश्य दिवा इथे नसतो, त्यामुळे यंत्राच्या दिव्याने पक्ष्याला त्रास होण्याचा प्रश्न येत नाही. त्रास होतो तो आपल्या पायांचा आणि टॉर्चचा.

पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं, पण ते बाहेर दिसत नाही. पिसं हे उत्तम पांघरूण आहे. डिसेंबरच्या पहाटे पिसं फुलवून बसलेल्या रातव्याची पाठ जवळजवळ भोवतालच्या मातीइतकीच गार असते. चमकतो तो डोळा आणि त्याभोवतीचा भाग. घुबडाचा चेहरा उजळ आणि धड मंद दिसतं ते याचमुळे. तेव्हा ‘पक्ष्याच्या आकाराचा पांढरा ठिपका’ शोधू नका. शोधायचा तो बारीक, तीव्र बिंदू, आणि त्याच्यामागे जेमतेम जाणवणारा धडाचा फुगवटा.

काच या तरंगलांबीला अपारदर्शक असते. गाडीची काच खाली न करता थर्मल लावलं तर तुमचाच चेहरा दिसेल. थर्मलची स्वतःची लेन्स जर्मेनियमची असते आणि किमतीचा मोठा वाटा तिचा असतो. पानांच्या आरपारही थर्मल पाहू शकत नाही. पानांमधल्या फटीतून ऊब डोकावली तरच ती दिसते. जाहिरातींतली झुडपाआडची चित्रं पाहून लोकांचा इथे हमखास गैरसमज होतो.

कोणतं घ्यावं

दुकानदार अंतर सांगतो: “साहेब, तेराशे मीटर.” हा आकडा उभ्या माणसासाठी काढलेला असतो, आणि ‘तिथे काहीतरी आहे’ एवढंच कळण्याचा असतो. याच्या मुळाशी अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ साली मांडलेले निकष आहेत. पिक्सेलच्या भाषेत सांगायचं तर वस्तू असल्याचं कळायला तिच्यावर साधारण २ पिक्सेल पडावे लागतात, प्रकार ओळखायला ८ च्या आसपास आणि नेमकी ओळख पटायला १३ च्या आसपास. रातव्यासाठी हे गणित तुम्हालाच करावं लागेल. ते सोपं आहे.

आजकालच्या बहुतेक यंत्रांत सेन्सरचा एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. १२ ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा आणि दहाने गुणा: १०० मीटरवर एक पिक्सेल किती सेंटिमीटर व्यापतो ते मिळेल. २५ मिमी लेन्सला ४.८ सेंमी, ३५ मिमीला ३.४, ५० मिमीला २.४. भारतीय रातवा साधारण २४ सेंमी लांब. म्हणजे २५ मिमीच्या लेन्सने १०० मीटरवर तो लांबीत ५ पिक्सेल, आणि जमिनीला चिकटून बसलेला असल्यामुळे उंचीत जेमतेम दीड. त्यातही चमकणारा डोळ्याचा भाग एक पिक्सेल भरेल न भरेल. कागदावर १३०० मीटरचं यंत्र रातव्यासाठी प्रत्यक्षात पन्नास-साठ मीटरचं असतं. तेवढंही भरपूर आहे, पण पैसे मोजण्याआधी हे माहीत असावं.

मग ५० मिमीच का घेऊ नये? कारण दृश्य अरुंद होतं. ३८४×२८८ पिक्सेलच्या सेन्सरवर २५ मिमी लेन्स लावली तर १०० मीटरवर साधारण १८ मीटर रुंदीची पट्टी दिसते, ५० मिमीने तिच्या निम्मीच. एवढ्या चिंचोळ्या खिडकीतून अख्खा माळ चाळायचा म्हणजे रात्र संपते. ६४०×५१२ च्या सेन्सरला २५ मिमीनेच ३० मीटर रुंदी मिळते. खिसा परवानगी देत असेल तर ६४० आणि ३५ मिमी ही जोडी माळासाठी मला सगळ्यात पटते. नाहीतर ३८४ आणि २५ मिमी. २५६×१९२ चं यंत्र बागेत, घराजवळच्या झाडांवर आणि जंगलातल्या वाटेवर चालतं, उघड्या माळावर अपुरं पडतं.

मोबाइलला लावायचे छोटे थर्मल कॅमेरे इलेक्ट्रिशियनसाठी चांगले असतात. त्यांचं दृश्य पन्नास अंशांच्या आसपास पसरलेलं असतं. २५६ पिक्सेल एवढ्या रुंदीवर वाटले की ५० मीटरवर एका पिक्सेलच्या वाट्याला १७ सेंमी येतात. रातव्याला जेमतेम दीड पिक्सेल. यात पैसे घालू नका.

एनईटीडी हा दुसरा आकडा, मिलिकेल्विनमध्ये. तापमानातला किती बारीक फरक यंत्राला जाणवतो ते त्यावरून कळतं, आणि तो जितका कमी तितका बरा. परदेशी पुनरावलोकनांत ४० आणि २० मध्ये फारसा फरक नाही असं कुठे वाचलंत तर ते थंड देशातलं आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात जमीन आणि पक्षी यांच्या तापमानातला फरक इतका कमी होतो की २५ किंवा त्याखालचं यंत्र हाताशी असलं की फरक ताबडतोब कळतो. चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तेही पाहा. ५० हर्ट्झ चांगलं. ९ हर्ट्झच्या यंत्रात उडणारा पक्षी तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकतो.

पल्सार, हिकमायक्रो, इन्फिरे अशा कंपन्यांची हातात धरायची, एका डोळ्याने पाहायची मोनोक्युलर बाजारात आहेत. बंदुकीवर बसवायचे थर्मल स्कोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. रात्री माळावर तसलं काही हातात घेऊन सापडलात तर पक्षीनिरीक्षणाची गोष्ट कोणी ऐकून घेणार नाही. यंत्र देशातच, पक्क्या बिलावर घ्या आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. अंतर मोजणारं लेसर असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

घरी करायची तयारी

पहिल्याच रात्री माळ गाठू नका. आधी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात बसा.

डोळ्याकडचं चाक, म्हणजे डायॉप्टर, आधी लावून घ्या: मेन्यूतली अक्षरं ठसठशीत दिसेपर्यंत. चित्राकडे त्या वेळी बघायचंच नाही. अक्षरं जुळली की पुढच्या लेन्सचा फोकस. बऱ्याच जणांचं चित्र कायम धूसर राहतं, कारण ते एका चाकाची चूक दुसऱ्याने झाकत असतात. मग समोरच्या झाडावर झोपलेले कावळे, वळचणीची कबुतरं, गाडीखालचं मांजर यांच्यावर वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करायचा सराव करा. हात अंधारात न चाचपडता चाकावर गेला पाहिजे.

स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेवा. थर्मल पाहणाऱ्या डोळ्याची अंधाराची सवय मोडते आणि ती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून ठरवून एकच डोळा थर्मलला द्या, दुसरा चालण्यासाठी राखा. डोळ्याचं रबर नीट टेकवून बसवा, नाहीतर स्क्रीनचा निळसर उजेड तुमच्या गालावर पडतो आणि समोरच्या पक्ष्याला तो दिसतो.

रंगांच्या पर्यायांत अडकू नका. रात्री ‘व्हाइट हॉट’ ठेवा, म्हणजे गरम ते पांढरं. पक्षी सापडल्यावर आकार नीट बघायला ‘ब्लॅक हॉट’ बरं पडतं. गरम भाग काळा होतो आणि धडाची कड जास्त स्पष्ट दिसते. इंद्रधनुषी रंग व्हिडिओत छान दिसतात, शोधायला निरुपयोगी.

आणखी एक सेटिंग महत्त्वाचं आहे. यंत्र मधून मधून स्वतःला जुळवून घेतं. ‘टिक’ असा आवाज होतो आणि चित्र क्षणभर थिजतं. शांत रात्री हा आवाज दहा-पंधरा मीटरवरच्या पक्ष्याला ऐकू जाऊ शकतो. जवळ जायच्या वेळी हे काम हाताने करण्यावर ठेवा, आणि शक्य असेल तर आवाज न होणारा पर्याय निवडून झाकण लावून करा.

वेळ निवडणं: निम्मं यश इथेच

आपल्या लोकांना रात्रीचं पक्षीनिरीक्षण म्हटलं की संध्याकाळ आठवते. थर्मलसाठी ती सगळ्यात वाईट वेळ आहे. दख्खनचा काळा दगड दिवसभर तापतो आणि सूर्य बुडाल्यावर तासन्‌तास ऊब सोडत राहतो. सात वाजता थर्मलमधून माळ पाहिलात तर प्रत्येक दगड पेटलेला दिसेल आणि त्यात रातवा शोधणं अशक्य. कोकणातल्या सड्यांवर जांभ्याचंही तेच.

योग्य वेळ पहाटेची. साडेतीन-चारपासून झुंजूमुंजू होईपर्यंत. तोवर दगड, माती, गवत एकाच पातळीला आलेले असतात आणि जिवंत काय ते वेगळं उठून दिसतं. सूर्य वर आला की अर्ध्या तासात दगडांच्या पूर्वेकडच्या बाजू उजळायला लागतात आणि खेळ संपतो.

निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडून गार होते. ढगाळ रात्री ती तशी होत नाही आणि चित्र मळकट येतं. हलका वारा असेल तर उत्तम, दगड लवकर निवतात. धुकं आणि पाऊस अंतर खाऊन टाकतात. उजनीच्या काठाला जानेवारीत दाट धुकं पडलं तर थर्मल पिशवीत ठेवा आणि चहा प्या. पावसाळ्यात मात्र एक संधी असते: दुपारी सर येऊन गेली आणि रात्री उघडलं, तर ओले दगड लवकर गार पडतात आणि संध्याकाळीही चित्र स्वच्छ मिळतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. तेव्हा पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, शिवाय हिवाळी पाहुणे आलेले असतात. गवतात जमिनीवर झोपणारे भोवत्यांचे (हॅरिअर या शिकारी पक्ष्यांचे) थवे, क्वचित आखूड कानांचं घुबड, हे सगळं याच काळातलं.

माळ चाळायचा कसा

एका जागी उभं राहा किंवा बसा. कोपर गुडघ्यावर टेकवा. समोरचा भाग मनात तीन पट्ट्यांत वाटून घ्या: जवळचा, मधला, लांबचा. जवळच्या पट्टीपासून सुरुवात करा, कारण पायाशी बसलेला पक्षी चुकून उडवला तर त्याच्या आवाजाने पुढचेही सावध होतात. यंत्र सतत फिरवत राहू नका. एक चौकट, दोन-तीन सेकंद थांबणं, मग पुढची, आधीचीवर थोडी चढवून. चित्र हलत असताना एका पिक्सेलचा डोळा डोळ्यात भरत नाही.

चौकटीत आकाश येऊ देऊ नका. निरभ्र आकाश थर्मलला अतिशय थंड दिसतं, आणि यंत्र आपोआप आकाश ते जमीन एवढा मोठा पल्ला चित्रात बसवायला जातं. त्यात जमिनीवरचे बारीक फरक पुसले जातात. क्षितिज चौकटीच्या वरच्या कडेबाहेर ठेवलं की तोच माळ अचानक तपशिलाने भरतो. झाडावरचं शोधताना उलट करा: थंड आकाशापुढे बसलेलं घुबड झुंबरासारखं लखलखतं.

आता ठिपके. अंतराचा अंदाज थर्मलमध्ये येतच नाही; सावल्या नाहीत, रंग नाहीत. वीस मीटरवरचा चंडोल आणि शंभर मीटरवरचा ससा सारखेच दिसू शकतात. लेसर असेल तर बटण दाबून अंतर घ्या आणि मगच आकाराबद्दल बोला. नसेल तर एकदा अंतर माहीत असलेल्या बाभळीशी किंवा बांधाशी तुलना करा.

उंदीर सरपटत थांबत जातो आणि बिळात गडप होतो. ससा मोठा, उड्या मारत फिरणारा. कुत्रं, कोल्हा, लांडगा चालीवरून कळतात. ताजं शेण आणि वारूळही उजळ दिसतं, पण ते मिनिटभर पाहिलं तरी जराही हलत नाही. रातवाही हलत नाही, हे खरं. पण थोडा धीर धरला तर तो डोकं वळवतो आणि बिंदू विझून पुन्हा पेटतो. किंवा सरळ उभा उडतो, भक्ष्य पकडून परत त्याच जागी येऊन बसतो. थर्मलमधून हे पाहणं ही माळावरची माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. टॉर्चच्या उजेडात आपण त्याचं जे बघतो ते आंधळ्या झालेल्या पक्ष्याचं बसून राहणं असतं. इथे तो आपल्या कामात असतो.

कारवानक, म्हणजे जमिनीवर वावरणारा लांब पायांचा पक्षी, उंच दिसतो. थंडीत त्याचे पाय कधी कधी इतके गार असतात की धड जमिनीपासून वर तरंगल्यासारखं वाटतं. दोघं-तिघं मिळून चालतात, थांबतात, मान खाली-वर करतात. जवळजवळ बसलेल्या बारीक ठिपक्यांचा पुंजका म्हणजे बहुधा चंडोल; त्याहून मोठ्या ठिपक्यांचा असेल तर पखुर्डी. एकमेकांना चिकटून घट्ट गोळा करून बसलेले लावे असू शकतात. ‘बहुधा’ आणि ‘असू शकतात’ हे शब्द मुद्दाम वापरतोय.

गाडीवाटेवर मात्र थर्मलचा हट्ट सोडा. रातव्यांना उबदार मोकळी वाट बसायला आवडते आणि नेमकी तीच वाट थर्मलमध्ये उजळ दिसते. तिथे साध्या टॉर्चने डोळ्यांची तांबूस चमक शोधणं जास्त सोपं. दगडखाणीच्या भिंतींवरच्या शृंगी घुबडाचीही तीच गत: भिंत रात्रभर ऊब धरून असते. खाणीच्या वरच्या कडेवर, आकाशाला लागून पाहा.

ठिपक्याला नाव देणं

दोघं असाल तर कामं वाटून घ्या. एकाने थर्मल ठिपक्यावरून हलवायचं नाही. दुसऱ्याने दुर्बीण आणि टॉर्च सांभाळायची. थर्मलवाल्याने जागा शब्दांत सांगायची: “बोराटीच्या डावीकडे, दोन हात अलीकडे, पांढऱ्या दगडाच्या रेषेत.” अडचण अशी की त्याला पांढरा दगड पांढरा दिसत नाही. म्हणून शोधायला सुरुवात करण्याआधीच दोघांनी एकदा साध्या डोळ्यांनी समोरच्या खुणा ठरवून घ्याव्यात. एकटे असाल तर थर्मल डोळ्यावरून काढायच्या आधी ठिपक्याच्या बरोबर मागे क्षितिजावर कोणतं झाड किंवा कोणता खांब येतो ते पाहून ठेवा.

टॉर्च मंद हवी, पिवळसर उजेडाची. तोंडावर बटर पेपरचा दुहेरी तुकडा रबरबँडने लावला की झोत पसरतो आणि बोचत नाही. झोत थेट पक्ष्यावर टाकायचा नाही. त्याच्या अलीकडे जमिनीवर टाकून कडेचा उजेड त्याच्यावर येऊ द्यायचा. ८×४२ च्या दुर्बिणीला एवढा उजेड पुरतो. पाच-सहा सेकंद, मग बंद. तेवढ्यात गळ्याचा पांढरा डाग, मानेवरची बदामी पट्टी, शेपटीची लांबी पाहून घ्यायची. राहिलं तर राहिलं.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ओळख कानाने होते. भारतीय रातवा ‘चक्-चक्-चक्-चर्रर्र’ असा घसरत जातो. सवाना रातवा उडता उडता एकच कर्कश ‘ड्वीट’ फेकतो. कारवानकाची पहाटेची ओरड चढत जाणारी, घाबरीघुबरी. आधी दहा मिनिटं कान देऊन बसायचं, आवाजाची दिशा धरायची आणि मग तिकडे थर्मल लावायचं. हा क्रम उलट्यापेक्षा दुप्पट फळ देतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचा मोह टाळा. थर्मल हातात असताना तर त्याची गरजच नाही.

नाव नाही पटलं तर ‘रातवा, जात अनिश्चित’ असं लिहा. ही पूर्ण नोंद आहे.

झाडं आणि पाणी

जंगलात थर्मलचा उपयोग रात्रीपेक्षा सकाळच्या सावलीत जास्त होतो. गोव्यात तांबडी सुर्ला, बोंडला भागात किंवा आंबोलीच्या दाट झाडीत फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याची जोडी दिवसा एखाद्या फांदीवर वाळक्या पानासारखी बसलेली असते. सकाळी पानं गार असताना खालून वर हळूहळू पाहत गेलं तर दोन जुळे, मंद गोळे उमटतात. ऊन आत शिरलं की कवडशांचे शेकडो गरम ठिपके तयार होतात आणि काही सापडत नाही. मे-जूनमध्ये पालापाचोळ्यात टुणटुण फिरणारा नवरंगही असाच सकाळी लवकर दिसतो.

भिगवणसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या पहाटे चित्र उलटं होतं. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून जवळचं पाणी उजळ आणि बदकांच्या पिसांनी झाकलेल्या पाठी त्यावर काळसर दिसतात. नवख्याला वाटतं यंत्र बिघडलं. इथे थर्मलचा खरा उपयोग लव्हाळ्याच्या कडेला होतो: फटाकडी आणि पाणलावे हे लपून राहणारे पाणथळीतले पक्षी चिखलात बसलेले असतात, आणि दुर्बिणीला जिथे नुसता चिखल दिसतो तिथे थर्मलला डोळे दिसतात. ब्रिटनमध्ये अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे लोक हिवाळ्यात छोटे पाणलावे शोधायला थर्मल वापरतात ते याच कारणाने. पाणलावा पायाखाली येईपर्यंत उठत नाही.

घरटं दिसलं तर

टिटवी, कारवानक, रातवा, धाविक, सगळे जमिनीवर अंडी घालतात. रातवा तर घरटं असं बांधतच नाही. बहुधा दोन अंडी उघड्या मातीवर. त्यांचं सगळं संरक्षण न दिसण्यावर उभं आहे, आणि थर्मल नेमकं तेच काढून घेतं. मार्च ते ऑगस्टमध्ये एकच ठिपका पहाटेपासून जागचा हलत नसेल तर तो उबवतोय असं धरून चाला आणि जवळ जाऊ नका. जाऊन खात्री करायचीही नाही. माणसाच्या पावलांचा माग काढत कुत्री आणि कोल्हे येतात, आणि उन्हाळ्यात आई दहा मिनिटं उठली तरी तापलेल्या जमिनीवर अंडी भाजतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं येतं, हेही माहीत असू द्या.

माळ नांगरायला किंवा खडी टाकायला लोक येणार असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा लांबूनच जागा मोजून शेतकऱ्याला किंवा वनरक्षकाला दाखवावी. माझा अनुभव आहे की विनंती केली तर नांगर हातभर बाजूने जातो.

परवानगी, कुत्री, साप, विहिरी

अभयारण्यात रात्री जायचं नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य असो की सुप्याचं मयूरेश्वर, रात्रीच्या कामाला वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती संशोधनासारख्या कारणालाच मिळते. बाहेरच्या गायरानांवर, पडीक माळांवर जाताना आदल्या दिवशी गावच्या पोलीस पाटलांना सांगून ठेवा. पहाटे चारला हातात नळी घेऊन फिरणारी अनोळखी माणसं म्हणजे ससे-तितर मारणारे किंवा मोटार चोरणारे, असा गावाचा अंदाज असतो आणि बरेचदा तो बरोबरही असतो. धनगरांचा वाडा माळावर उतरला असेल तर त्यांना आधी हाक द्या. त्यांची कुत्री ओळख विचारत बसत नाहीत. शिवाय कोणत्या बांधाला काय ओरडतं ते धनगराइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: साप थर्मलमध्ये दिसत नाही. फुरसं किंवा घोणस जमिनीच्याच तापमानाला असते, त्यामुळे स्क्रीनवर वाट मोकळी दिसते आणि प्रत्यक्षात ती वाटेवरच बसलेली असते. विंचवाचंही तसंच. थर्मल डोळ्याला लावून एक पाऊलही टाकू नका. चालताना टॉर्च पायाशी, पायात गमबूट किंवा घोट्यावरचे जाड बूट, थांबल्यावर थर्मल. कठडे नसलेल्या विहिरींसाठीही हाच नियम. हिवाळ्यात विहिरीचं तोंड उबेमुळे उजळ दिसतं आणि नवख्याला तो मोठा खडक वाटतो.

बिबट्या मात्र दिसतो, आणि जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात हा फायदा कमी नाही. गाडीतून उतरण्याआधी आणि परत चढण्याआधी एकदा चहूकडे नजर फिरवायची सवय लावून घ्या.

नोंद आणि निगा

व्हिडिओ घ्या, पण अर्ध्या मिनिटाचा. चालीवरून नंतर ओळख पटवायला तो फोटोपेक्षा उपयोगी पडतो. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) चेकलिस्ट टाकताना टिपणीत थर्मल वापरल्याचं जरूर लिहा. ज्या माळावर पूर्वी टॉर्चने दोन रातवे मिळायचे तिथे आता नऊ मिळाले, तर रातवे वाढले असं कोणी समजू नये. ईबर्ड काही संवेदनशील जातींची नेमकी जागा आपणहून लपवतं, पण सगळ्यांची नाही. घुबडांच्या आणि जमिनीवर घरटं करणाऱ्यांच्या बाबतीत तुम्हीच चेकलिस्ट गावाच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणावर टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन तर नकोच. तितराची शिकार करणारेही आता थर्मल पाहायला लागलेत.

यंत्र दिवसा झाकण लावूनच ठेवा. लेन्समधून सूर्य थेट सेन्सरवर पडला तर कायमचा डाग उरतो, मग यंत्र बंद असो वा चालू. लेन्सवरची माती शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने उडवा, मग लेन्सच्या कापडाने हलकेच पुसा; वरचा लेप गेला की चित्रही गेलं. कोकणातून आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी बॅगेत न ठेवता आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.